कॉइल बदलायच्या आधी

"भाऊ, गाडी तापली का बंद पडते, अन् थंडी झाली का आपोआप चालते. कॉइल गेली वाटते, नवी टाकून द्या."

एप्रिल उजाडला की कळंबच्या माझ्या गॅरेजात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. जुनी पद्मिनी असते, पेट्रोलची अ‍ॅम्बेसेडर असते, कार्बोरेटरवाली ओम्नी असते. माणूस उन्हातून आलेला असतो, डोक्याला दुपट्टा बांधलेला असतो, आणि त्याला फक्त घरी पोचायचं असतं. अशा वेळी नवी कॉइल लावून पैसे घेणं सोपं. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता करत नाही, आणि तुम्हीही करू नका. कॉइल म्हणजे बॅटरीच्या करंटवरून प्लगची ठिणगी तयार करणारा डबा. ती सहसा स्वतःहून जळत नाही. तिला कोणीतरी जाळत असतं. ते शोधलं नाही तर नवी कॉइलही त्याच वाटेनं जाते.

हे मला कसं कळलं ते आधी सांगतो, कारण चूक माझी होती.

आमच्या भागातले एक गुरुजी होते, त्यांची फिकट निळी पद्मिनी. एका उन्हाळ्यात मी त्यांना नवी कॉइल लावून दिली. वीसेक दिवसांत ती गेली. दुसरी लावली. दुकानदाराला नावं ठेवली, "माल डुप्लिकेट येऊन राहिला गुरुजी," असंही बोललो. तिसऱ्या वेळी गाडी राळेगावच्या वाटेवर दुपारी दीड वाजता बंद पडली. गाडीत त्यांची मुलगी आणि तिचं दीड वर्षाचं लेकरू. जवळ सावली म्हणजे एक बाभूळ. मोटारसायकलवर कोणी निरोप आणेपर्यंत आणि मी पोचेपर्यंत दीड तास गेला. लेकराचं अंग तापलेलं, ओठ कोरडे. आधी त्याला दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी ते हसायला लागलं. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री मी जळालेल्या दोन्ही कॉइल बाकावर ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटर लावून मोजल्या. दोन्ही दीड ओहमच्या निघाल्या (ओहम म्हणजे करंटला होणारा विरोध मोजायचं माप). गुरुजींच्या गाडीला तीन ओहमची लागत होती.

कॉइलच्या डब्यात काय असतं

डब्यात तांब्याच्या दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काही शे वेढ्यांची. तिला प्रायमरी म्हणतात. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची, ती सेकंडरी. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला, इंजिनाबरोबर उघडमीट करणारा स्विच. ते जुळलेले असले की बॅटरीचा करंट जाड तारेतून वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि त्या झटक्यात बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. जुन्या डबा कॉइलमध्ये तेल भरलेलं असतं. ते गुंडाळीची उष्णता पत्र्याच्या डब्यापर्यंत आणतं, आणि डबा ती हवेला आणि बॉडीच्या पत्र्याला देतो.

म्हणजे कॉइल गरम होणं हा बिघाड नाही, तिचं ते कामच आहे. प्रश्न असतो किती गरम, याचा.

आता हिशेब बघा, सगळं त्यातच आहे. चावी चालू, इंजिन बंद, पॉइंट जुळलेले, बॅटरी १२ व्होल्टची. तीन ओहमच्या कॉइलमधून १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर करंट जातो आणि तिच्यात ४८ वॉट उष्णता तयार होते. दीड ओहमच्या कॉइलमधून ८ अँपिअर जातो आणि उष्णता होते ९६ वॉट. आमच्याकडे कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला टोपल्यावर १०० वॉटचा बल्ब लावायचे. तसा बल्ब मुठीएवढ्या तेलाच्या डब्यात कोंडला तर काय होईल, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

दीड ओहमची कॉइल वाईट नसते. ती बॅलास्ट रेझिस्टरच्या जोडीनं वापरायची असते. बॅलास्ट म्हणजे कॉइलच्या आधी वायरमध्ये बसवलेला, बहुतेक वेळा पांढऱ्या चिनीमातीचा छोटा तुकडा, तोही साधारण दीड ओहमचा. मग दोघं मिळून तीन ओहम होतात, करंट ४ अँपिअरवर येतो, आणि कॉइलच्या वाट्याला फक्त २४ वॉट उरतात. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो, तेव्हा रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण करंट थेट कॉइलला देता येतो, म्हणून गाडी लवकर सुरू होते. चांगली सोय आहे. फक्त दुकानात दोन्ही कॉइल सारख्याच दिसतात. डब्यावर "बाहेरून रेझिस्टर लावा" अशा अर्थाचं बारीक इंग्रजी छापलेलं असतं, आणि ते मी वाचलं नव्हतं.

मोजायचं कसं

साधं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. चावी बंद करा. कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी आणि मधली हाय टेन्शन वायर काढा. काढण्याआधी कोणती कुठे होती याची खूण करा, मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो.

मीटर सगळ्यात लहान ओहमवर ठेवा आणि आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघा. स्वस्त मीटर इथेच ०.३ ते ०.५ ओहम दाखवतं. तो त्याच्या वायरींचा विरोध आहे, नंतर प्रत्येक आकड्यातून तेवढा वजा करायचा. ही पायरी लोक गाळतात. दीड आणि तीन यांत फरक करायचा असताना अर्धा ओहम मोठा असतो.

मग टोकं कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलला लावा. वजाबाकी करून तीनच्या आसपास आलं तर कॉइल बिनबॅलास्टची. दीडच्या आसपास आलं तर बॅलास्टची, आणि गाडीत बॅलास्ट आहे का ते आताच शोधा. काही गाड्यांत तो तुकड्याऐवजी खास वायरीच्या रूपात असतो, दिसत नाही, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. खालची व्होल्टची चाचणी करा. ओहमचा पक्का आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला धरा, मी सांगतो तो अंदाज आहे. ओम्नीसारख्या गाडीत पॉइंटऐवजी इग्नायटर (तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर त्या कॉइलचा आकडा वेगळा असू शकतो.

सेकंडरी मोजायला एक टोक मधल्या भोकात आतल्या पितळेला टेकवा, दुसरं एका बारीक टर्मिनलला. डबा कॉइलला साधारण ६ ते १२ हजार ओहम येतात. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे.

हे सगळं थंड कॉइलवर करून खूश होऊ नका. बिघाड गरम असताना येतो ना, मग मोजायचंही गरम असताना. गाडी अर्धा तास चालवा, बंद करा, लगेच मोजा. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. म्हणजे २५ अंशाला ३ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशाला ३.९ च्या जवळ जाते. एवढी वाढ रास्त आहे. त्यामुळेच गरम कॉइलची ठिणगी जरा मऊ पडते. पण आकडा नाचत असेल, किंवा तारच तुटल्यासारखा दाखवत असेल, तर ती कॉइल संपली.

एक गोष्ट मीटर सांगू शकत नाही. सेकंडरीच्या बारीक तारेवरचं इनॅमल (विजेला अडवणारा लेप) उष्णतेनं कच्चं झालेलं असेल तर मीटरच्या दीड-दोन व्होल्टला ते टिकतं आणि वीस हजाराला फुटतं. आकडे बरोबर आणि गाडी तरी बंद, असं झालं तर दुसरी चांगली कॉइल लावून फिरवून बघण्याला पर्याय नाही.

आता व्होल्ट. वायरी परत लावा, पॉइंट जुळलेले आहेत हे बघा, चावी चालू करा आणि कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर बॉडीच्या तुलनेत मोजा. बिनबॅलास्टच्या गाडीत जवळपास बॅटरीएवढे व्होल्ट हवेत. बॅलास्ट असेल तर ६ ते ८ च्या घरात येतील. बिनबॅलास्टच्या गाडीत दहाच आले तर चावीचा स्विच किंवा मधला एखादा जोड व्होल्ट खातो आहे. कॉइल नवी आणली तरी ठिणगी कमजोरच राहील. मोजून झालं की चावी लगेच बंद करा, का ते पुढे येतं.

शेवटी इंजिन जरा रेस ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ ठीक. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो तुमची कॉइल, बॅटरी, बल्ब सगळंच भाजतो आहे. दाब वाढतो त्याच्या वर्गानं उष्णता वाढते: १४ ऐवजी १६ व्होल्ट मिळाले तर कॉइलमध्ये जवळपास ३० टक्के जास्त उष्णता. बॅटरीचं पाणी सारखं कमी होत असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

चावी

लग्नसराईतली गोष्ट. सजवलेली पद्मिनी मांडवाच्या बाहेर उभी, नवरदेव उतरलेला, आणि पोट्टे गाडीत बसून गाणी ऐकून राहिले होते. टेप चालावा म्हणून चावी चालू ठेवलेली. तासाभरानं बोनेटमधून जळका वास आला. कॉइलचं काळं झाकण उचकटलेलं, तेल खाली सांडलेलं. वरात परत नेताना ढकलगाडी झाली.

इंजिन चालू असताना पॉइंट उघडमीट करतात, कॉइलला मधे मधे सुट्टी मिळते. इंजिन बंद पडतं तेव्हा ते पॉइंट जुळलेल्या जागी थांबण्याचीच शक्यता जास्त असते, कारण प्रत्येक फेरीत ते उघडे कमी आणि जुळलेले जास्त वेळ असतात. मग चावी चालू राहिली तर करंट अखंड वाहतो, आणि रेडिएटरचा पंखाही बंद. जुन्या गाडीत टेप ऐकायचा असेल तर त्याला फ्यूज लावून वेगळी लाइन द्या. गाडी बंद पडली की पहिला हात चावीकडे जाऊ द्या. लाल दिवा दिसतो म्हणजे चावी चालू आहे.

पॉइंटची गॅपही याच गोष्टीतली. फायबरचा टेकू झिजतो तशी गॅप कमी होते. गॅप कमी म्हणजे पॉइंट जास्त वेळ जुळलेले, म्हणजे कॉइलला सुट्टी कमी. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. बऱ्याच जुन्या चार सिलिंडर गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागते. माझे यवतमाळचे वस्ताद ब्लेडच्या पात्यानं गॅप धरायचे आणि त्यांचा हात चुकत नसे. मला मात्र म्हणायचे, "अबे पोट्ट्या, माह्या डोळ्यावर तू नको जाऊ, तू गेज घे."

प्लगकडे बघा. झिजून गॅप वाढलेला प्लग जास्त दाब मागतो, तो कॉइललाच द्यावा लागतो, आणि तिचं आतलं इन्सुलेशन त्या ताणाखाली येतं. गॅसकिट बसवलेल्या ओम्नीत हे जास्त दिसतं, कारण गॅसच्या मिश्रणाला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो. प्लगची वायर निघालेली असताना इंजिन चालवू नका. ठिणगीला बाहेर वाट नाही मिळाली तर ती कॉइलच्या आत वाट शोधते.

वायरी उलट्या जोडलेल्या असतील तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त दाब लागतो. निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं वजाचं टोक बॉडीला जोडलेल्या गाडीत अधिकचं टर्मिनल स्विचकडे, वजाचं डिस्ट्रिब्युटरकडे. काही कॉइलवर चिन्हांऐवजी १५ आणि १ हे आकडे असतात: १५ स्विचकडे, १ डिस्ट्रिब्युटरकडे.

कॉइल बसवायची जागाही महत्त्वाची. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनाच्या गरम धुराच्या नळीजवळ असेल तर आतल्या मडगार्डला हलवा. पट्टीखालचा रंग, गंज, तेलाचा चिखल खरवडून पत्र्याला पत्रा टेकू द्या, उष्णता त्याच वाटेनं जाते. नट घट्ट हवा, पण डबा चेपेल इतका नको.

रस्त्यात बंद पडली तर

आधी माणसं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सावलीत पाठवा, पाणी पाजा. नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, बंद गाडीच्या आत पाच मिनिटंही कोणाला बसवू नका. मग गाडी.

चावी बंद. बोनेट उघडा. उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपात आणि नळीत वाफ धरते तेव्हाही गाडी अगदी अशीच बंद पडते, आणि लोक कॉइलला दोष देतात. म्हणून आधी ठिणगी बघा. एक जादा प्लग कॉइलच्या मधल्या वायरीला जोडा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला पक्कं टेकवून ठेवा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हे कार्बोरेटरपासून लांब करा, पेट्रोल गळत असेल तर करूच नका. वायर हातात धरू नका. पेसमेकर बसवलेल्या माणसानं या कामापासून दूर राहावं.

ठिणगी निळी, टचटच वाजणारी असेल तर कॉइल ठीक आहे. पंपावर ओला फडका टाका आणि थांबा. पिवळट, बारीक किंवा ठिणगीच नसेल तर टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी जोडलेला छोटा बल्ब घ्या आणि त्याचं एक टोक बॉडीला लावा. चावी चालू करून दुसरं टोक कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलला लावा. नाही पेटला तर करंटच येत नाही, दोष मागे आहे. पेटला तर डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा आणि सेल्फ मारा. मिचमिच झाला तर पॉइंट काम करत आहेत आणि दोष कॉइलचा किंवा कंडेन्सरचा (पॉइंटला जोडलेला, त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा छोटा डबा). मिचमिच न होता नुसता पेटून राहिला तर पॉइंट किंवा त्यांची वायर बघा. पेटलाच नाही तर पॉइंट, त्यांची वायर, कंडेन्सर किंवा कॉइलची तुटलेली प्रायमरी बघा.

कंडेन्सर आणि कॉइल यांत मी आधी कंडेन्सर बदलतो. तो स्वस्त आहे, तोही गरम झाला की दगा देतो, आणि तो गेल्यानं पॉइंट काळे पडून खड्डे पडतात. कितीतरी चांगल्या कॉइल त्याच्या पायी भंगारात गेल्या आहेत.

कॉइल थंड करायची तर दुपट्टा भिजवून घट्ट पिळा आणि फक्त पत्र्याच्या डब्याभोवती गुंडाळा. वरच्या काळ्या झाकणाला आणि टर्मिनलला ओल लागू देऊ नका. बाटली वरून ओतू नका. वीस ते तीस मिनिटं द्या. फक्त कॉइल थंड केल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर संशय बराच पक्का होतो.

हातानं अंदाज घेणारे म्हणतात, हात ठेववत नाही म्हणजे कॉइल गेली. मे महिन्यात आमच्याकडे बोनेटखाली कशावरच हात ठेववत नाही. म्हणून मी बोटाचं मागचं पेर आधी कॉइलजवळच्या मडगार्डच्या पत्र्याला क्षणभर लावतो, मग कॉइलला. दोघांत थोडाच फरक असेल तर मी काळजी करत नाही. कॉइल चटका देत असेल आणि शेजारचा पत्रा सोसवत असेल तर मीटर काढतो. आणि झाकणाच्या कडेला तेल पाझरलेलं, डबा फुगलेला किंवा झाकणावर केसासारखी काळी रेघ दिसली तर मोजत बसत नाही. ती कॉइल बदलायचीच.

नवी घ्यायला जाताना मीटर सोबत न्या आणि काउंटरवरच मोजा. चांगला दुकानदार रागावत नाही. जी कॉइल निघाली तिच्याशी जुळवू नका, ती आधीच कोणीतरी चुकीची लावलेली असू शकते. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा.

गुरुजींच्या गाडीला मी तीन ओहमची कॉइल स्वतःच्या पैशानं लावली आणि रेग्युलेटरही तपासून दिला. ती कॉइल अकरा उन्हाळे चालली. गुरुजी गेले, गाडी आता त्यांच्या जावयाकडे आहे. गुढीपाडव्याच्या आठवड्यात ते गाडी घेऊन येतात. मी कॉइलचा थंड आणि गरम आकडा, चार्जिंगचे व्होल्ट आणि पॉइंटची गॅप तपासतो आणि बोनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं तारखेसकट लिहितो. मागच्या वर्षीचा आकडा तिथेच वर असतो, त्यामुळे काय सरकलं ते एका नजरेत कळतं. डिकीत त्यांच्या एक डबा असतो: मोजून ठेवलेली जादा कॉइल, कंडेन्सर, एक पॉइंट सेट, जुना प्लग, टेस्ट लॅम्प, दहाचा पाना आणि पाच लिटर पाणी. पाण्याचा कॅन गुरुजींच्या मुलीनं स्वतः ठेवलेला आहे, आणि तो रिकामा मी कधी पाहिला नाही.